अर्थ लावला का?

विस्तवाला मी कधी भ्याले नाही. लोहाराच्या घरात पडल्यावर भिऊन सांगणार कुणाला? लग्न होऊन दोंडाईच्याला आले आणि आठव्या दिवशी अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातात घण दिला. आमच्यात ती रीतच. नवरा ऐरणीपाशी बसून सांडशीनं लाल लोखंड धरतो आणि बायको समोर उभी राहून घण घालते. मी जळगावची, सातवी शिकलेली, हात मऊ. दोन महिन्यांत घट्टे पडले. ठिणग्या पायावर उडायच्या, लुगड्याला बारीक भोकं पडायची, पण भीती म्हणाल तर नाही. विस्तव दिसतो. लाल असला की कुणी हात लावत नाही, आणि काळा पडला तरी जवळ गेलं की धग सांगते, लांब हो बाई.

भीती आमच्या घरात आली ती वेल्डिंगच्या मशीनबरोबर. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष असेल. बैलगाड्यांना रबरी टायर यायला लागले होते आणि चाकाला लोखंडी धाव चढवायचं काम कमी कमी होत चाललं होतं. यांनी जळगावला जाऊन दोन महिने वेल्डिंग शिकून घेतलं. 'यांनी' म्हणजे माझ्या मालकांनी. नाव तेव्हा घेत नव्हते, आता या वयात काय घेऊ? शिकवणारे मिस्त्री माझ्या माहेरच्या गल्लीतले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सरकी काढायच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. मशीन त्यांनीच बघून दिलं, जुनं, तेल भरलेलं, गुडघ्याएवढं लोखंडी खोकं, खाली चार चाकं. स्टेशनवरून ते गाडीत घालून आणलं तेव्हा अक्कांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी मात्र लांब उभी राहिले. वीज जोडून नानांनी ते चालू केलं, तर ते गुंगुं गुंगुं करायला लागलं. काम नसतानाही गुंगुं. मला वाटलं, हे आपल्याला काहीतरी सांगतंय आणि आपल्याला कळत नाहीये.

नाना चार दिवस राहिले. यांचं शिकणं झालेलं होतं, तरी नानांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि मला मुद्दाम समोर बसवून सांगितलं. "याचा काय भरवसा, हा घाईचा माणूस. पोरी, तू ऐकून ठेव." मग एकेक. टेरिलीनचा शर्ट घालून मशीनपाशी यायचं नाही, तो पेटला की कातडीला चिकटतो, सुती घालायचं. हातात कोरडे चामड्याचे मोजे, पायाखाली कोरडी फळी. केबल खांद्यावर किंवा गळ्यात टाकून फिरायचं नाही. केबलला चीर पडली असेल तर काम बंद, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. वेल्डिंगच्या सळ्या उन्हात वाळवून घ्यायच्या, ओल्या सळीचा सांधा आतून पोकळ राहतो. तेलाचं नाहीतर रॉकेलचं पिंप आलं तर हात लावायचा नाही, रिकामं दिसलं तरी ते रिकामं नसतं. आणि काळ्या काचेशिवाय त्या ज्योतीकडे बघायचं नाही, कधीही नाही.

मी लगेच बघितलं. मुद्दाम नाही हो! हे पहिली सळी लोखंडावर घासत होते, चर्र झालं, निळापांढरा उजेड पडला आणि मान वळली माझी. दोनतीन वेळा वळली. दिवस मावळेपर्यंत काही नाही, आणि दिवा लागायच्या वेळेला डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. पाणी थांबेना, पापणी उघडेना. मी आंधळी झाले म्हणून जी रडायला लागले! अक्कांनी बटाट्याच्या चकत्या करून माझ्या डोळ्यांवर ठेवल्या आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. एरवी त्यांचं तोंड बंद नसायचं आणि त्यांची ती खेड्यातली अहिराणी मला निम्मी समजायची नाही, पण ती मांडी समजली. दोन दिवसांनी डोळे निवळले. भीती काही निवळली नाही.

शेवटच्या दिवशी नानांनी दुकानाच्या बाजूला खड्डा खणायला लावला, चांगला पुरुषभर खोल. त्यात तांब्याची जाड पट्टी उभी केली, तिला तांब्याची तार बांधली, आणि भोवती कोळसा नि मीठ, कोळसा नि मीठ असे थर द्यायला लागले. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. जरा वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लिंबू कोठे शे?" त्यांना वाटलं, नाना कुणावर तरी करणी करतायत. नाना हसून हसून खाली बसले. मग त्यांनी ती तार वर आणून मशीनच्या पत्र्याला बोल्टानं आवळली आणि हसणं थांबवून मला म्हणाले, "हे बघ. मशीनच्या आत कधी बिघाड झाला आणि वीज या वरच्या पत्र्यात उतरली, तर ती या तारेनं जमिनीत निघून जाईल. तार नसली, तर जो हात लावेल त्याच्यातून जाईल. याला म्हणायचं अर्थ. खड्डा ओला पाहिजे, म्हणून रोज एक कळशी पाणी. हे काम तुझं."

मग त्यांनी मशीनची जाड केबल उचलली. तिच्या टोकाला मोठा चिमटा होता. तो त्यांनी कामाच्या लोखंडाला लावून दाखवला. "आणि हा इथं लावायचा. हा लावल्याशिवाय ज्योत धरत नाही. हा अर्थ."

"नाना, तोही अर्थ आणि हाही अर्थ?" मी विचारलं.

"हो गं. बाजारात सगळे असंच म्हणतात."

नाना, हे आणि मी, आम्ही तिघं हसलो. देवा, आम्ही हसलो!

जाताजाता नानांनी आणखी एक सांगितलं. कुणी विजेला चिकटलं तर त्याला शिवायचं नाही. सख्खा असो की सोयरा. आधी मेन, म्हणजे दुकानातल्या भिंतीवरचा मोठा खटका, बंद करायचं, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तोडायचं. तोडायचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला तो विचारच नको होता.

त्या दिवसापासून माझा जप सुरू झाला. हे मेनला हात घालणार, तेवढ्यात मी आतून ओरडायचे, "अर्थ लावला का?" हे म्हणायचे, "लावला." भाकरी तव्यावर करपली तरी चालेल, पण ते 'लावला' कानावर पडल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. समोरचा शिंपी आमच्या यांचा दोस्त. तो रस्त्यावरून ओरडायचा, "वहिनी, झाला का आजच्या कवितेचा अर्थ लावून?" हे मला भित्री भागूबाई म्हणायचे. म्हणा! मला एकच दिसायचं. हे मशीनला चिकटलेत, मशीन गुंगुं करतंय, आणि मला शिवता येत नाहीये. भांडी घासताना दिसायचं, वेणी घालताना दिसायचं. घण घालायचं माझं काम संपलं होतं. घणाचा दस्ता सैल झाला म्हणून यांनी बाभळीचा नवा दांडा तासून आणला, तो तसाच दाराच्या आड उभा राहिला. कुणी घणात बसवलाच नाही. मी दिवसभर त्या गुंगुंकडे कान लावून बसायचे.

मग दुष्काळ आला. दोंडाईच्याच्या विहिरी तळाला गेल्या. एक घागर मिळवायला बाया पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत रांगेत उभ्या राहायच्या. आणि अशात मी रोज एक कळशी खड्ड्यात ओतायचे! अक्कांच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. त्यांनी आयुष्यभर लांबून पाणी आणलेलं. "माणसेसले पेवाले पानी नही, नी हाई जमिनले पाजी राह्यनी!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारच्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, जसं मी कुणाच्या पोराच्या तोंडचं काढून घेतलंय. मग मी कळशी बंद केली आणि भांडी विसळलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवून तेच ओतायला लागले. तरी अक्का बोलायच्याच. मी एकदा उलटून बोलले. "अक्का, तुमच्या लेकासाठीच ओततेय, माझ्या हौसेला नाही!" त्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचा टँकर आला. शिंदखेड्याकडच्या कुठल्याशा गावाला निघालेला, वाटेत त्याच्या तळाच्या पाइपाचा सांधा तडकला आणि धार लागली. ड्रायव्हरनं आमची पाटी बघून गाडी थेट दुकानासमोर लावली. बघता बघता ही गर्दी! घागरी, कळश्या, पातेली, पोरांच्या हातात तांबे. पाणी रस्त्यावर सांडत होतं आणि बाया एकमेकींच्या अंगावरून वाकून ते धरत होत्या. जिथं सहा महिने धूळ उडत होती तिथं घोट्याएवढा चिखल झाला. मी आधी ड्रायव्हरला विचारलं, "यात आधी काय भरायचे? रॉकेल?" तो म्हणाला, "नाही बाई, पहिल्यापासून पाणीच." तेवढं ऐकून जरा बरं वाटलं.

टाकी रिकामी झाल्याशिवाय वेल्डिंग होणार नव्हतं. तेवढ्या वेळात यांनी आणि शिंप्यानं मशीन ओढत रस्त्यावर नेलं, कारण टँकर काही दुकानात येणार नव्हता. उंबऱ्याच्या दगडावरून धाडकन आदळत नेलं. ड्रायव्हर घाई करत होता, टाकी पुन्हा भरून न्यायचीय, तिकडे गाव वाट बघतंय म्हणून. लोकही ओरडत होते. मी दारात उभी होते. इतकं ओलं, इतकी माणसं, सगळी अनवाणी, आणि मधोमध ते मशीन. नानांनी सांगितल्यापासून मी रबरी चप्पल घातल्याशिवाय दुकानात पाऊल टाकत नव्हते, ती पायात होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "अर्थ लावला का?"

यांनी तोंडासमोरची काच बाजूला करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लावला, लावला!"

मी ऐकलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि मी बघायला गेले नाही. बस, इतकंच. चार पावलं होती.

मेन चालू झालं. गुंगुं सुरू झालं. बाया जरा मागे सरल्या. यांनी काच तोंडासमोर धरली आणि टँकरखाली वाकले. चर्र चर्र आवाज यायला लागला. मी पदर डोळ्यांवर घेऊन उजेडाकडे पाठ केली. टँकरच्या मागच्या बाजूला अजून थोडं पाणी ठिबकत होतं. अक्का तिथं घागर भरत होत्या. भरलेली घागर कमरेवर घेऊन त्या निघाल्या, चिखलात पाय घसरला, आणि आधाराला म्हणून त्यांनी हात टेकला. मशीनवर.

ओरडल्या नाहीत. लोकांना वाटतं माणूस ओरडतो. अक्कांच्या तोंडून नुसता बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता आणि सगळं अंग थरथरत होतं. घागर पडली. हात मशीनला तसाच. मी रोज जे बघत होते ते माझ्यासमोर होतं, फक्त माणूस दुसरं होतं.

"मेन पाडा! मेन पाडा!" मी ओरडले. मेन म्हणजे काय ते त्या गर्दीत कुणाला ठाऊक? उजेडापासून मागे सरलेली माणसं माझ्यामागे दुकानात दाटलेली, आतल्या मेनपर्यंत जायला वाट नाही. तेवढ्यात यांनी काच फेकली आणि "माय!" म्हणून धावत निघाले, दोन्ही हात पुढे करून. आईला धरायला. मला कळलं, आता दोघं जाणार. एकाच वेळी दोघं.

दाराआडचा बाभळीचा दांडा माझ्या हातात कधी आला मला आठवत नाही. पहिला मी यांच्या छातीवर मारला. हो, मारला. हे पाठीवर चिखलात पडले. "शिवू नका!" असं काहीतरी मी ओरडले असेन. मग मी पाय रोवले, जसे ऐरणीपुढे रोवायचे तसे, आणि अक्कांच्या मनगटावर दांडा घातला. हात सुटला नाही. साऱ्या गल्लीसमोर, ज्या बाईनं मला घण धरायला शिकवलं तिच्याच हातावर, मी दुसऱ्यांदा घण घालायच्या ताकदीनं घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. हात सुटला आणि अक्का चिखलात कोसळल्या.

मी तिथंच उभी राहिले. दांडा हातातून सुटेना, शिंप्यानं मागून येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली. मेन त्यानंच जाऊन बंद केलं होतं. हे अक्कांचं डोकं मांडीवर घेऊन "माय, माय" करत होते. मला पुढे जायची हिंमत होईना. मी त्यांना मारलं होतं. त्या विजेनं गेल्या असतील की माझ्या दांड्यानं, हे कोण सांगणार? मग अक्कांनी डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. "सांडनी का मन्ही घागर?" म्हणाल्या. आणि मी मटकन खाली बसून मोठ्यानं रडले.

हाताला प्लास्टर झालं. तळव्यावर तव्याचा चटका बसावा तसा काळा डाग पडला, तो शेवटपर्यंत राहिला. त्या संध्याकाळी यांनी मशीनपाशी जाऊन बघितलं. तांब्याची तार दुकानाच्या भिंतीशी लोंबकळत होती. मशीन रस्त्यापर्यंत न्यायला ती पुरत नव्हती, म्हणून शिंप्यानं बोल्ट सोडून दिला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

"मी लावला होता गं," हे म्हणाले. "चिमटा लावला होता टँकरला. तू विचारलंस, मी बघून सांगितलं."

"मी तारेचं विचारत होते."

"मग तार म्हणायचं ना!"

"तुम्ही चिमटा म्हणायचं ना!"

आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो आणि दोघंही खरं बोलत होतो. दीड वर्ष मी रोज एक विचारत होते आणि हे रोज दुसऱ्याचंच उत्तर देत होते. दोन्ही लावलेले असायचे म्हणून कधी कळलं नाही. मधे कधी तार सुटलेली असती, तरी मला 'लावला'च ऐकू आलं असतं. तेव्हापासून मला विजेपेक्षा 'लावला' या शब्दाची जास्त भीती वाटते. कुणी 'हो, केलं' म्हणालं की मी उठून बघून येते. सुना हसतात मला. हसू देत.

निरोप धाडल्यावर नाना आले. मशीन उघडलं तर आतली एक तार आदळून पत्र्याला टेकलेली, वरचं कापड घासून गेलेलं. नाना अक्कांच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, अक्का. दोघांना एकच नाव मी शिकवलं." अक्का म्हणाल्या, "सूननी हात मोडा, म्हनीसन मी जित्ती शे."

आमच्या दुकानात मग 'अर्थ' हा शब्द बंद झाला. केबलचा तो चिमटा, आणि जमिनीतला तो खड्डा. हे आधी जाऊन तार हलवून बघायचे आणि ओरडून सांगायचे, "खड्डा लावला, चिमटा लावला." तरी मी जाऊन बघायचेच. आणि अक्का? पाण्यावरून त्या मला पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. उलट सकाळी डोळे उघडले की खाटेवरून पहिला प्रश्न, "खड्डाले पानी टाकं का?" मी टाकलं म्हणायचे. तरी त्या उठून, तो वाकडा जुळलेला हात पोटाशी धरून, बाहेर जाऊन माती ओली आहे का ते बोट घालून बघून यायच्या. मला राग नाही आला कधी.

चार वर्षांनी अक्का गेल्या. उन्हाळाच होता. दोन दिवस अन्न बंद होतं, बोलणं जवळजवळ बंद होतं. सकाळी डॉक्टर येऊन मान हलवून गेले. हे पायाशी बसले होते. शेजारणी म्हणाल्या, आता तोंडात पाणी घाला. मी चमचा भरून ओठांपाशी नेला. अक्कांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी पुन्हा नेला, त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, शेवटी राग निघाला, माझ्या हातचं नकोय त्यांना. मी चमचा यांच्याकडे द्यायला लागले, तर तो काळा डाग असलेला हात उठला आणि माझं मनगट धरलं.

"पहिले खड्डाले," अक्का म्हणाल्या.

मी तांब्या घेऊन बाहेर गेले. सगळा ओतला. माती बोटानं बघितली. आत येऊन त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "टाकलं, अक्का. बघून आले."

मग त्यांनी तोंड उघडलं.